मागे ठेवलेले दहा शेअर

करी रोडला माझं ऑफिस आहे असं मी सांगतो. प्रत्यक्षात तो झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मध्ये कोंबलेला गाळा आहे. आत दोन कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि लक्ष्मीची एक तसबीर. सव्वानऊला बाजार उघडतो, साडेतीनला बंद होतो, आणि त्या सहा तासांत मी लोकांसाठी शेअर घेतो आणि विकतो. पूर्वी आम्हाला सब-ब्रोकर म्हणायचे, आता कागदोपत्री वेगळंच लांबलचक नाव आहे. लालबागची मंडळी ‘शेअरवाले साहेब’ म्हणतात. माझी आई दादरच्या घरी शेवटपर्यंत ‘त्याचा तो सट्टा’ म्हणायची.

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा डोक्यात गमतीची गिऱ्हाइकं होती. हिंदमाताला साड्यांचं दुकान असलेले एक शेठ आहेत. कंपनीचा वार्षिक अहवाल आला की ते त्याचं पान पदरासारखं चिमटीत धरायचे, अंगठ्यानं घासायचे आणि म्हणायचे, “पोत चांगला आहे. घ्या दोनशे.” कागद पातळ लागला तर तो शेअर बाद. अहवाल ईमेलवर यायला लागल्यापासून आपला नफा घटला, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. अशी आणखी चारपाच माणसं होती लिहिण्याजोगी. पण तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा शेठजींनंतर पुढे लिहिता येईना. जे लिहायचं ते सोडून दुसरं लिहायला गेलं की हात अडतो. म्हणून आता घाडीअण्णांबद्दलच लिहितो.

आत्माराम घाडी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, मूळ मालवणकडचे. लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपानंतर गिरणी गेली आणि अण्णा एका सोसायटीत लिफ्टमन म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत. पण त्यांची खरी नोकरी दुसरीच होती. ते त्यांच्या गावच्या मुंबई मंडळाचे खजिनदार होते.

हे मंडळ काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गिरणगावात कोकणातल्या गावागावांनी वर्गणी काढून एकेक खोली घेऊन ठेवलेली असे. गावकीची खोली. गिरणीत नोकरीला येणारा माणूस तिथं उतरायचा. भिंतीला ओळीनं ट्रंका, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. गिरण्या गेल्यावर नोकरीसाठी कोणी येईना, पण खोली रिकामी राहिली नाही. परळच्या हॉस्पिटलांत गावाकडची माणसं उपचाराला येतात, आणि महिनोन् महिने राहावं लागतं. पेशंट, त्याची बायको, एखादा भाऊ, सगळे त्या डिलाईल रोडच्या खोलीत उतरायचे. चावी अण्णांकडे.

ती चाळ बिल्डरनं घेतली. खोलीच्या बदल्यात मंडळाला रोख पैसे मिळाले. त्यातून हॉस्पिटलच्या जवळपास, शिवडी-घोडपदेवकडे, जुन्या चाळीत दुसरी खोली घ्यायची होती. थोडे कमी पडत होते. तेवढेच हवे होते, जास्त काही नाही. म्हणून अण्णा माझ्याकडे आले.

मी आधी बँकेत ठेवा म्हटलं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, कारण सहा महिन्यांनी ते परत आले तेव्हा मीच दुसरं बोललो. “साहेब, व्याज वाडता त्येच्या दुप्पट खोली वाडता,” ते म्हणाले. “बाकीच्यांका तुमी काय देतास?”

त्या वेळी मी एक तंत्रज्ञान कंपनी देत होतो. नाव लिहीत नाही. ती दुकानांसाठी आणि बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि तिनं परदेशातल्या दोन कंपन्या विकत घेतल्या होत्या. शेअर वर्षात दुप्पट झाला होता. मी स्वतः घेतला होता, आणि तसं सांगत होतो. माझ्या धंद्याचं भांडवल एवढंच होतं: जो शेअर मी घेतो तोच गिऱ्हाइकाला देतो. लालबाग-परळात ही गोष्ट चांगली चालते. कोणी आकडे विचारत नाही. “तुम्ही घेतलात?” एवढं विचारतात.

अण्णा मात्र कंपनी बघायला गेले. त्यांचं म्हणणं, न बघता कोणी गाय पण घेत नाही. आणि योगायोग असा की कंपनीचं ऑफिस लोअर परळला त्यांच्याच गिरणीच्या आवारात, काचेच्या नव्या इमारतीत होतं. मला बरोबर घेऊन गेले. सिक्युरिटीवाल्यानं आत सोडलं नाही, म्हणून आम्ही गेटबाहेर फुटपाथवर उभे होतो.

“हंयसर आमचा साचेखाता होता,” ते म्हणाले. “ता लिफ्टचा दिसता ना, थंय माझे चार साचे.” मग बराच वेळ त्या काचांकडे बघत राहिले. “साहेब, ह्येंच्यावर कर्ज आसा म्हणतास. आमच्या मिलवर काय कमी होता? बँका बुडले, आमी बुडलो. मालक बुडलो? नाय. कित्याक? जमीन होती. वीस वर्सां बंद पडान होती, तरी शेवटाक सोन्याच्या भावान गेली. कंपनी बुडली तरी जमीन खंय जाता? ही बिल्डिंग ह्येंचीच मां?”

इमारत त्यांची नव्हती. भाड्याची होती. मला ते माहीत होतं.

“ऑफिस इथंच आहे त्यांचं, अण्णा,” मी म्हटलं. “तीन मजले आहेत.”

दोन्ही वाक्यं खरी होती. अण्णांनी मान हलवली आणि आम्ही चहा प्यायलो.

ही समजूत फक्त आमच्या भागातच होऊ शकते. गिरणगावानं कर्जात बुडालेल्या कंपन्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या पोटातून निघालेले टॉवरही. त्यामुळे इथल्या माणसाला मनातून वाटतं की प्रत्येक कंपनीच्या खाली जमीन असते. माझं काम होतं सांगायचं, की अण्णा, हिच्याखाली काही नाही. मी ते काम केलं नाही.

मंडळाची नोंदणी अर्धवट होती, त्यामुळे शेअरचं खातं कोणाच्या नावावर उघडायचं असा प्रश्न आला. “तुमच्याच नावावर उघडू, सोपं पडेल,” असं मीच सुचवलं. कमिटीनं ठराव केला. मी म्हटलं, निम्मेच घाला. निम्मे घातले. दोन महिन्यांत भाव चढला, तेव्हा कमिटीनं उरलेले पण घाला म्हणून सांगितलं. तेव्हा मला काही बोलावंसं वाटलं नाही. मी ऑर्डर टाकली.

गिरगावच्या लिमयेबाई माझ्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाईक. विमा कंपनीत कारकून होत्या, हिशेबाच्या पक्क्या. त्यांना मी हाच शेअर सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं प्रश्न विचारण्यापूर्वीचं लक्षण.

“धंद्यातून यांना मिळतं किती, ते मला कळलं. व्याज कुठून भरतात?”

“बाई, नफा आहे की.”

“नफा कागदावरचा. रोख कुठाय? मला रोख दाखवा, मी दहा हजारांचे घेते.”

मी हसलो. म्हटलं, शोधून सांगतो. त्या दिवशी बाजार बंद झाल्यावर, केवळ बाईंचं तोंड बंद करायला, मी तो वार्षिक अहवाल काढला आणि मागची पानं वाचायला लागलो. पुढच्या पानांवर फोटो आणि स्वप्नं असतात. बारीक टाईपातल्या टिपा मागे असतात, आणि कंपनीची खरी प्रकृती तिथं कळते.

परदेशातल्या कंपन्या घेण्यासाठी काढलेलं कर्ज परकीय चलनात होतं, आणि त्याचा मोठा हप्ता पुढच्याच वर्षी होता. आधीचा हप्ता नवं कर्ज काढून भरला होता. विकलेल्या मालाचे पैसे यायचे होते, ते वर्ष-वर्ष येत नव्हते. आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालक मंडळींनी, स्वतःचे बहुतेक शेअर कुठेतरी तारण ठेवून आणखी पैसे उचलले होते. म्हणजे भाव जरा घसरला की सावकार ते शेअर विकणार, त्यानं भाव आणखी घसरणार, मग तो आणखी विकणार.

कर्ज सगळ्याच कंपन्या काढतात, त्यात वावगं काही नाही. पण ज्याच्यावर कर्ज काढलं ती वस्तू काय आहे, हे बघायचं असतं. गिरणीकडे जमीन होती, यंत्रं होती, गोदामात कापड होतं. सॉफ्टवेअर कंपनीची मालमत्ता गळ्यात पट्टा घालून संध्याकाळी सातला गेटबाहेर पडते. दुसऱ्या कंपनीनं जास्त पगार दिला तर ती उद्या परत येत नाही. तिनं बनवलेला माल तीन-चार वर्षांत जुना होतो. कर्ज मात्र जुनं होत नाही, त्याची तारीख पक्की असते. वसुलीला आलेल्या बँकेच्या हाती शेवटी खुर्च्या आणि एसी लागतात. हे मला त्या संध्याकाळी कळलं असं नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्या संध्याकाळी फक्त ते नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी माझे शेअर विकले.

सगळे नाही. दहा ठेवले.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की असेच ठेवलेत, आठवण म्हणून. खरं कारण मला विकतानाच माहीत होतं. कोणी विचारलं, ‘तुमचे आहेत ना?’ तर ‘आहेत’ म्हणता यावं, आणि ते खोटं असू नये.

लिमयेबाईंना फोन करून सांगितलं, “बाई, तुमचं बरोबर होतं. मी बाहेर पडलो.”

“छान. मग बाकीच्यांना सांगितलंत का?”

“सांगतोय,” मी म्हटलं.

मी कोणालाच सांगितलं नाही. का, याची उत्तरं मी वर्षानुवर्षं बदलत आलोय. तेव्हा वाटायचं, माझाच अंदाज चुकला आणि भाव वाढला तर लोक हसतील. मग वाटायचं, सगळ्यांनी विकायला काढलं तर घबराट होईल. ही दोन्ही उत्तरं खोटी आहेत असं नाही, पण त्यांच्या खाली एक साधं उत्तर आहे. सहा महिने मी ज्या तोंडानं ‘मी घेतलाय, तुम्हीही घ्या’ म्हटलं होतं, त्याच तोंडानं ‘मी न वाचता घेतला होता’ म्हणावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. मंडळाची खोली माझ्या लाजेपेक्षा स्वस्त ठरली.

विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा आले. भाव थोडा पडला होता, आणि कोणीतरी गावातून फोन करून त्यांना धसका दिला होता. खुर्चीवर न बसता दारातूनच विचारलं, “साहेब, तुमचे आसत मां अजून?”

“आहेत ना, अण्णा.”

“मगे झाला,” ते म्हणाले. खरंच एवढंच म्हणाले आणि कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले.

त्या दिवशी विकले असते तर मंडळाचे घातलेले पैसे जवळजवळ सगळे परत आले असते. खोलीला कमी पडणारे पडलेच असते, पण मुद्दल हातात राहिलं असतं. हा हिशेब मी इतक्या वेळा केलाय की त्यासाठी मला कागद लागत नाही.

पुढच्या तिमाहीचे निकाल कंपनीनं पुढे ढकलले. मग हिशेब तपासनिसानं राजीनामा दिला. त्या दिवसापासून लोअर सर्किट लागायला लागलं. म्हणजे काय, तर एका दिवसात भाव किती पडू शकतो याला मर्यादा असते. सकाळी बाजार उघडताच भाव त्या मर्यादेवर जाऊन आदळतो आणि तिथं फक्त विकणारे असतात, घेणारा एकही नसतो. तुम्ही विकायला टाकता, पण विकलं जात नाही. उद्या पुन्हा तेच, आणखी खाली. दार उघडं दिसतं आणि बाहेर पडता येत नाही.

अण्णा रोज यायचे. नऊला येऊन बसायचे. “आज कोण घेणारो आसा?”

“नाही अण्णा.”

“बघा जरा.”

मी बघितल्यासारखं करायचो. एके दिवशी त्यांनी विचारलं, कंपनी बुडली तर आपला नंबर कधी लागणार? मी सांगितलं: आधी तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची देणी, मग बाकीचे देणेकरी, सरकार, आणि सगळ्यात शेवटी शेअरवाले. ते हसले. “म्हंजे मिलच्या टायमाक जसो आमचो नंबर, त्येच्यापण मागे. आणि ती बिल्डिंग?”

“भाड्याची आहे,” मी म्हटलं. या वेळी खरं बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग व्यवहारच बंद झाले, कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि शेअरची किंमत शून्य झाली.

मंडळाची सभा एका रविवारी देवळाच्या हॉलमध्ये झाली. समजावून सांगायला मला बोलावलं होतं. पन्नासेक माणसं. सेक्रेटरी बाळा तावडे अण्णांच्या पुतण्याच्या वयाचा, टॅक्सी चालवणारा, तोंडाचा फटकळ.

“अण्णा, म्हाताऱ्यांनी पोटाक चिमटे काढून खोली घेतल्यानी. तू ती कंप्युटरात घातलंस!”

“ठराव कमिटीचो होतो रे,” कोणीतरी म्हणालं.

“ठराव कमिटीचो, खाता कोणाच्या नावावर? आता आमची माणसा हॉस्पिटलात इली की खंय निजतली? ह्येच्या कंपनीच्या लॉबीत?”

काही जण हसले. मग एक बाई उठल्या आणि थेट मला विचारलं, “ओ शेअरवाले, तुमी काय बोलत नाय ते? सल्ला तुमचाच ना?”

मी उठायच्या आत अण्णा उभे राहिले. “साहेबांका काय एक बोलू नकात. सही माझी, जबाबदारी माझी. तेंचे पण गेले. तेंनी पण शेवटपर्यंत ठेवलेले, पळाक नाय.”

सभा माझ्याकडे बघत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात तयार होतं, शब्दन् शब्द. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं मी दुःखी आहे. एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णांनी त्याच दिवशी खजिनदारकी सोडली. गावच्या जत्रेला ते तेव्हापासून गेलेले नाहीत. ते स्वतः राहत होते ती चाळ पाडून टॉवर झालाय, तिथं तेविसाव्या मजल्यावर त्यांना छोटी जागा मिळाली आहे. गावाहून पेशंट आला की तो आता तिथं उतरतो. असं करायला कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. सून, मुलगा, नात आणि अण्णा, चौघांच्या जागेत एका पलंगावर कायम कोणीतरी परका आजारी माणूस असतो. हे मला करी रोडच्या केमिस्टकडून कळायचं. मी तिथं जायचं टाळलं.

यंदा मार्च-एप्रिलच्या सुमाराला अण्णा गाळ्यात आले ते नातीला घेऊन. मानसी नाव. नुकती नोकरीला लागलेली, चुणचुणीत.

“हिचो पयलो पगार,” अण्णा म्हणाले. “तुमच्याकडेच घाल म्हटलंय.”

मानसी हसून म्हणाली, “मी ॲपवर करणार होते हो काका. पण आजोबा ऐकतच नाहीत. म्हणाले, शेअरवाले काकांनी आपल्याबरोबर स्वतःचेही घालवले, पण विकून पळाले नाहीत. असा माणूस ॲपमध्ये मिळत नाही.”

मी फॉर्म संपलेत म्हणून सांगितलं. आजकाल फॉर्म नसतात, सगळं ऑनलाइन असतं. मानसीच्या लक्षात आलं असावं. ती आजोबांना घेऊन निघाली.

त्याच रविवारी दुपारी मी तेविसाव्या मजल्यावर गेलो. सुनेनं दार उघडलं. “या काका. त्या खुर्चीवर नको, पेशंटची औषधं आहेत. इथं सरकून बसा.” पलंगावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता, गळ्याला पट्टी. अण्णा जमिनीवर बसून त्याच्यासाठी पेज गाळत होते. मी म्हटलं, काही सांगायचंय. ते पलंगाकडे बघत म्हणाले, बोला, हो झोपलोहा.

“अण्णा, ते शेअर मी विकले होते. तुम्ही दारातून विचारलंत ना, त्याच्या आदल्या दिवशी. फक्त दहा ठेवले होते.”

त्यांचा चमचा थांबला. “दहा कित्याक?”

“तुम्ही विचारलंत तर खोटं बोलावं लागू नये म्हणून.”

सून स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी होती. तिनं नळ बंद केला.

अण्णांनी पेजेचं भांडं झाकून ठेवलं, हात लुंगीला पुसले. मी घाईघाईनं म्हणालो की मी मंडळात येऊन सगळ्यांसमोर हे सांगेन, लिहून छापेन, तुमचं नाव धुऊन निघेल. माझ्या मनात एवढी वर्षं हेच होतं, की सांगितलं की त्यांच्यावरचं ओझं उतरेल.

“सांग,” ते म्हणाले. वीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा मला ‘तू’ म्हणाले. “छाप. बाळाक बरा वाटात, तेका बोलूक नवो माणूस गावतलो.”

मग बराच वेळ त्यांनी त्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, जे नीटच होतं.

“माका एकच बरा वाटायचा रे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “येवढो शिकलेलो, सगळा वाचणारो माणूस, तो पण माझ्यावांगडा फसलो. म्हंजे माझी एकट्याचीच अक्कल कमी नव्हती. ता तेवडा माझ्याकडे रवला होता. आता ता पण नेलंस.”